बिअर कंपनीचा चौथा साहेब

बेहरामशेठची काळी मोटर राहुरीजवळच्या त्या लहानशा गावात पहिल्यांदा आली, तेव्हा रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. माणसं चर्चच्या पायऱ्यांवर आपापल्या चपला शोधत होती. मोटरीतून पांढऱ्या डगल्यातला एक जाडजूड पारशी म्हातारा उतरला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "जमादार कृपादान उजगरे कोन हाय?"

कृपादान पुढं झाला. ब्रह्मदेशच्या लढाईत त्याचा डावा कान गेला होता, म्हणून तो उजवा कान किंचित पुढं करून उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

"माझा केकी तुझ्या मांडीवर गेला ना?"

केकी म्हणजे कॅप्टन केकी, बेहरामशेठचा मुलगा आणि कृपादानच्या पलटणीचा डॉक्टर. ब्रह्मदेशातून माघार घेताना त्याला तापानं गाठलं. खेचरं आधीच संपली होती. कृपादाननं त्याला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरवला, पण खालच्या ओढ्यापाशी पोचल्यावर डॉक्टरनं पाणी मागितलं आणि ते पिऊन डोळे मिटले. हे सगळं कृपादाननं त्या दिवशी आपल्या ओट्यावर बसून सांगितलं. बेहरामशेठ लहान पोरासारखा रडला. कृपादानची बायको मेरी दारात उभी होती, तीही रडली.

मग म्हातारा पुन्हा पुन्हा येऊ लागला. येताना बिस्किटं आणायचा, मेरीला साडी आणायचा, आणि दर वेळी त्या ओढ्याची हकीकत नव्यानं ऐकायचा. एकदा निघता निघता तो म्हणाला, "नगरला माझी कंपनी हाय. बिअरची. लष्कराला सगळा माल आपलाच जातो. केकीची खुर्ची तिथं रिकामी पडलीय, मला बघवत नाय. तू ये. डायरेक्टर हो."

मेरीचे वडील गिदोन हे त्याच गावच्या मंडळीचे पाळक. त्यांना हे कळलं तेव्हा ते काठी टेकत आले आणि उभ्या उभ्याच बोलले. "जावईबापू, शाळेत असताना तुम्ही दारूविरुद्ध शपथ घेतलीत. ती मीच दिली होती."

"मी पिणार नाही, बाबा."

"पिणार नाही. पाजणार."

कृपादानच्या मनात दुसरंच चाललं होतं. पलटणीच्या मेसमध्ये त्यानं अर्धं आयुष्य गोऱ्या साहेबांच्या खुर्च्यांमागं उभं राहून काढलं होतं. कोणाला सूप हवं, कोणाचा पेला रिकामा झाला, हे मागून बघत. आणि आता कोणीतरी मोटर घेऊन दारात येऊन म्हणत होतं, बस. त्या एका शब्दाला नाही म्हणायचं बळ त्याच्यात नव्हतं.

कारखाना भिंगारच्या अलीकडं, छावणीच्या रस्त्याला होता. भोवती दीड पुरुष उंचीची भिंत, तिच्यावर फुटक्या बाटल्यांच्या तपकिरी काचा रोवलेल्या. एकच फाटक. आत पाऊल टाकलं की आंबूस, गोडसर वास नाकात शिरायचा तो कपड्यांतून मुक्काम हलवायचा नाही. भिंतीच्या आतच साहेबलोकांचा बंगला, आणि त्यालगत कृपादानला दिलेलं दोन खोल्यांचं घर.

पहिल्या मंगळवारच्या बैठकीत बंगल्यातल्या लांब टेबलाशी बेहरामशेठनं ओळखी करून दिल्या. "हे डॉसनसाहेब. बिअर हे बनवतात, मी नुसती विकतो. हे रंगनाथ वकील, कंपनीचे सेक्रेटरी. आपलं काय चुकलं तर हे बरोबर करतात. आणि हा माझ्या केकीचा मानूस."

डॉसन हा लालबुंद, थोराड इंग्रज. त्यानं हात पुढं केला आणि पलटणी हिंदुस्थानीत म्हणाला, "वेलकम, जमादार. क्या पिएगा?"

"चहा, साहेब."

सगळे हसले. रंगनाथ वकील मात्र हसले नाहीत. काळा कोट, कपाळाला गंध, आवाज मऊ. ते म्हणाले, "उत्तम! न पिणारा डायरेक्टर. हे फार उपयोगी पडेल."

मग सह्या झाल्या. कृपादान डायरेक्टर झालाच, शिवाय कारखान्याचा जबाबदार मॅनेजर म्हणूनही त्याचंच नाव लागलं, आणि लष्कराचं कंत्राटही त्याच्या नावानं झालं, कारण लढाईवरून आलेल्या माणसाला लष्कर आधी विचारत असे. रंगनाथरावांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. काहीही लपवलं नाही. त्यातल्या कशात धोका असेल असं कृपादानला वाटलंच नाही.

पुढच्या महिन्यांत त्याला तिघं हळूहळू कळू लागले.

बेहरामशेठ दर रविवारी त्याला जेवायला बोलवायचे, स्वतः वाढायचे, "पोरा, आनखी घे," म्हणायचे. स्वतः ते बिअरच्या थेंबाला शिवत नसत, मधुमेह होता. वरच्या मजल्यावर केकीची खोली जशीच्या तशी ठेवली होती; पलंगावर धुतलेली चादर, टेबलावर दाढीचं सामान. तिथं बसून ते कृपादानला ओढ्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे. एखादा शब्द बदलला की टोकायचे.

डॉसनचं लंडनमधलं घर बॉम्बनं पडलं होतं, बायको आणि मुलगी त्यातच गेल्या. तो बंगल्यात झोपायचा नाही. टाक्यांच्या शेजारी खाट टाकून पडायचा. "घर नहीं, जमादार," तो म्हणायचा. "टाकी है." दर मंगळवारी तो एकच मागणी करी. बिअर आंबताना जो वायू सुटतो तो रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो आणि त्यात उतरलेला माणूस गुदमरतो. त्याला रंग नाही, आणि आंबूस वासात त्याचा वास वेगळा कळत नाही. टाकी धुवायला माणूस उतरवायच्या आधी दिवा सोडून बघावा लागतो. विझला तर उतरायचं नाही. हवा ओढून घेणारा पंखा बसवला तर भीतीच राहणार नाही. रंगनाथराव म्हणायचे, "लढाई संपू द्या." बेहरामशेठ म्हणायचे, "पुढच्या मंगळवारी बघू." कृपादान काहीच म्हणायचा नाही. नवा माणूस, त्यानं काय बोलायचं?

रंगनाथरावांचा मात्र त्याला थांग लागेना. ते नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायचे, बहिऱ्या कानाच्या बाजूला. शेठजींशी हळू आवाजात काही बोलायचे आणि कृपादाननं मान वळवली की हसून म्हणायचे, "काही नाही, जमादारसाहेब, किरकोळ." कधी त्याला अरे-तुरे केलं नाही. पण त्या टेबलावरचा चहाही कधी घेतला नाही. पाण्याचा तांब्या घरून यायचा आणि तो ते आपल्या खुर्चीपाशी झाकून ठेवायचे. कृपादानचा आजा महारवाड्यातून ख्रिस्ती झाला होता. मऊ बोलणं आणि झाकलेला तांब्या यांचा अर्थ त्याला कोणी सांगायला नको होता.

इकडं मागची दारं एकेक करून लागत होती. गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीची थाळी बाकामागून बाक फिरत आली आणि कृपादान-मेरीच्या बाकाला वळसा घालून पुढं गेली. थाळी मेरीच्या वडिलांच्याच हातात होती. मेरी मिशनच्या शाळेत शिकवायची. तिला कोणी काढलं नाही. फक्त तिचा वर्ग दुसऱ्या बाईंना दिला आणि तिला थोडे दिवस घरी राहायला सांगितलं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. ती भिंतीच्या आत राहू लागली. खिडकीतून तिला काचा दिसायच्या, आणि काचांच्या वर थोडं आभाळ.

"नगरच्या किल्ल्यात पुढारी कोंडलेत म्हणतात," ती एकदा म्हणाली. "त्यांना निदान कोणी कोंडलं ते ठाऊक असेल."

कृपादाननं एकदा धीर करून शेठजींना सांगितलंही, की मला हे जमत नाही, मी परत जातो. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. "तू पन जानार?" एवढंच ते बोलले. कृपादान घरी आला आणि बांधलेली ट्रंक पुन्हा सोडली.

त्या वर्षी हिवाळ्यात डॉसनला मलेरिया झाला. त्याला छावणीच्या दवाखान्यात हलवलं. नेमकी तेव्हाच लष्कराची मोठी मागणी आली. एका सकाळी बेहरामशेठचा मुंबईहून फोन आला. "तीन नंबरची टाकी आज धुवून भरायला पायजे, पोरा. आजच. तू बघ."

टाक्या धुणाऱ्यांत आसाराम नावाचा जामखेडकडचा माणूस होता. उंच, किडकिडीत, कामाला वाघ. पाऊस हुकला म्हणून बायकोला घेऊन नगरला आलेला. सुट्टीच्या दिवशी कामगारांना एकेक बाटली मिळायची, ती तो घेत नसे. म्हणायचा, "आठवडाभर नाकात ह्योच वास, सायेब. आता प्वाटात कशाला?"

कृपादाननं त्याला सांगितलं, "आसाराम, तीन नंबर. लवकर."

"व्हय, सायेब."

दिवा खांबाला टांगलेला होता. कृपादानला तो दिसला होता. पण त्यात रॉकेल नव्हतं, रॉकेल आणायला कोठीवर माणूस धाडावा लागला असता, आणि बाहेर लष्कराचा ट्रक येऊन उभा होता. आसाराम ब्रश घेऊन शिडीनं उतरला. आतून खर्र खर्र आवाज आला. थोड्या वेळानं तो थांबला.

"आसाराम?"

कृपादान वाकला. आसाराम तळाशी गुडघे पोटाशी घेऊन निजल्यासारखा पडला होता. कृपादाननं शिडीवर पाय टाकला तशी मागून दोघातिघांनी त्याला कवळ्यात धरलं. "सायेब, तुमी बी जाताल!" शेवटी दोरीला लावलेले आकडे खाली सोडून आसारामला वर ओढलं. त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मग कोणीतरी रॉकेल घालून दिवा पेटवला आणि दोरीनं खाली सोडला. निम्म्यावर जायच्या आत तो विझला.

संध्याकाळपर्यंत बेहरामशेठ मुंबईहून येऊन पोचले. डॉसनला दवाखान्यातून ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणलं. चौघं टेबलाशी बसले. रंगनाथरावांनीच सुरुवात केली.

"उद्या पोलीस येतील, मग मॅजिस्ट्रेटपुढं चौकशी. घडलं ते वाईट घडलं. पण आता माणूस काही परत येत नाही. तेव्हा घडलं असं, की आसाराम प्यायलेला होता. कोणाला न विचारता टाकीत उतरला."

"तो पीत नव्हता," कृपादान म्हणाला.

"बिअरच्या कारखान्यातला कामगार पीत नव्हता, यावर कोण विश्वास ठेवील? आणि तुम्ही सांगितलंत तर प्यायला होता, यावर कोण अविश्वास दाखवील? तुम्ही जमादार. लढाईत जखमी झालेले. जन्मात थेंब न घेतलेले. पवित्र शास्त्रावर हात ठेवून तुम्ही बोललात की चौकशी तिथंच संपली."

कृपादानला वाटलं आपल्या उजव्या कानानंही आता दगा द्यावा. पहिल्या मंगळवारचं ते 'उपयोगी पडेल' आज कुठं त्याला कळत होतं. या लोकांना त्याचे हात नको होते, त्याचं डोकं नको होतं. त्याची शपथ हवी होती.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कारखान्याचे जबाबदार मॅनेजर तुम्ही. उतरायचा हुकूम तुम्ही दिलात. दिवा तुम्ही सोडला नाहीत." रंगनाथरावांचा आवाज तसाच मऊ होता. "मी तुम्हाला भीती घालत नाही, जमादारसाहेब. यातला एकही शब्द खोटा आहे का, सांगा."

एकही खोटा नव्हता. कृपादाननं डॉसनकडं पाहिलं. तो टेबलाच्या लाकडावर नख ओढत होता, वर बघेना. मग त्यानं बेहरामशेठकडं पाहिलं. म्हातारा उठून जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कंपनी बुडली तर मानसं उपाशी मरतील, पोरा. मी पन मरेन. तू केकीला पाठीवर घेतलंस. आता मला घे. केकीच्या नावानं मागतो."

कृपादान उठून बाहेर पडला.

फाटकापाशी आसारामची बायको कडूबाई जमिनीवर बसली होती. प्रेत शवचिकित्सेला नेलं होतं, पण ती हलली नव्हती. कृपादानला बघून ती उठली.

"सायेब, समदे म्हंत्यात त्यो प्याला हुता. मला काय ठावं न्हाई म्हनत्यात. तुमी रोज बघत हुता. सांगा, त्यो पेत हुता का?"

"न्हाई," कृपादान म्हणाला. गावाकडची बोली त्याच्या तोंडून आपसूक आली. "न्हाई, बाई. कधीच न्हाई."

ती पदर तोंडात धरून पुन्हा खाली बसली.

घरी मेरी कंदील न लावता बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "अहो, मला माहेरी जाता येत नाही. शाळेत जाता येत नाही. चर्चमध्ये मान वर करता येत नाही. आता निदान तुमच्याकडं तरी बघता आलं पाहिजे."

चौकशी मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतल्या उंच छताच्या खोलीत झाली. पोलीस, डॉक्टर, कामगार, सगळ्यांचं झाल्यावर कृपादानला बोलावलं. त्यानं पवित्र शास्त्रावर हात ठेवला तेव्हा रंगनाथराव पुढच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. त्यांना खात्री होती.

"आसाराम प्यायलेला नव्हता," कृपादान म्हणाला. "त्याला उतरायला मी सांगितलं. आधी दिवा सोडायचा असतो हे मला माहीत होतं. मी सोडला नाही, घाई होती म्हणून. पंख्याशिवाय माणूस मरू शकतो हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. दर मंगळवारी त्यावर बोलणं व्हायचं."

खोलीत कुजबुज उठली. तेवढ्यात मागच्या बाकावरून डॉसन उठला. ब्लँकेट त्याच्या खांद्यावरून घसरलं. "सच है," तो म्हणाला. "सब सच है." आणि बसला.

कडूबाईला कंपनीनं भरपाई द्यावी असं ठरलं. कृपादानवर आणि कंपनीवर खटला उभा राहिला. त्याला जामीन मिळाला, आणि जामीन राहिले बेहरामशेठ. कृपादाननं त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. दुसऱ्या दिवशी रंगनाथराव त्याच्या घरी आले. पहिल्यांदाच ते त्याच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे प्रत्येक शब्द नीट ऐकू जावा.

"हा राजीनामा मी फाडतो आहे, रागावू नका," ते म्हणाले. "तुम्ही गेलात तर खटल्याचं सगळं ओझं तुमच्या एकट्यावर येईल, तुरुंगात जाल. राहिलात तर तुमची आणि कंपनीची बाजू एक, आणि ती मी लढवतो. आता आम्ही तुम्हाला का काढत नाही? कारण लष्कराचं कंत्राट तुमच्या नावावर आहे. तुम्ही गेलात की तेही गेलं. थोडक्यात, कोणालाच उठता येत नाही. खटल्याच्या तारखा पडत राहतील. वर्ष जाईल, दोन जातील. तोवर आपण चौघं आहोतच."

"म्हणजे मी इथंच."

"आम्हीही इथंच, जमादारसाहेब," रंगनाथराव म्हणाले. आणि त्या मऊ आवाजात पहिल्यांदाच कंटाळा ऐकू आला.

त्या आठवड्यात गिदोन पाळक नगरला आले. फाटकाच्या आत आले नाहीत. बाहेर उभं राहून लेकीशी बोलले. कृपादान मेरीच्या मागं उभा होता. "तुझ्या नवऱ्यानं खरं सांगितलं. मी प्रार्थनेत देवाचे आभार मानले," म्हातारा म्हणाला. "पण अजून तो या भिंतीच्या आतच आहे. मी थाळी कशी देऊ?" त्यांचे डोळे भरले होते. मेरीनं फाटकाच्या गजातून हात घालून त्यांचा हात धरला. मग ते प्रवासी सर्व्हिस मोटरीनं परत गेले.

पुढचा मंगळवार आला. चौघं टेबलाशी बसले. बेहरामशेठ एकदम म्हातारे दिसत होते. त्यांनी कृपादानकडं पाहिलं नाही. "मिस्टर उजगरे," ते म्हणाले, "तुमचं काही हाय?" रविवारचं जेवण बंद झालं होतं. वरच्या खोलीला कुलूप लागलं होतं. ओढ्याची गोष्ट आता त्यांना कोणी सांगणार नव्हतं, आणि याचंच कृपादानला तुरुंगाच्या भीतीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

"हाय," कृपादान म्हणाला. "पंखा."

"लढाई..." रंगनाथरावांनी सुरुवात केली.

"पंखा बसेपर्यंत एकही टाकी धुतली जाणार नाही. जबाबदार मॅनेजर मी आहे. तुम्हीच केलंय." कृपादानचा आवाज चढला नाही. मेसमध्ये पेले मोजून घ्यायला लावायचा तोच हा आवाज होता. "मला काढायचं असेल तर काढा."

रंगनाथरावांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि न पिता तसंच ठेवलं. डॉसन मान खाली घालून हसत होता की रडत होता, ते कळेना. अखेर बेहरामशेठनी हात हलवला. "मागवा," ते म्हणाले.

पंखा मुंबईहून यायला वेळ लागणार होता, आणि टाक्या फार दिवस तशाच ठेवता येईनात. तेव्हा कृपादाननं दुसरी व्यवस्था केली. धुवायच्या दिवशी तो स्वतः टाकीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसे. आधी दिवा सोडे. ज्योत तळापर्यंत जळत गेली तरच उतरणाऱ्याच्या कमरेला स्वतःच्या हातानं दोरी बांधे, आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून घेई. आतला माणूस गाणं म्हणत काम करी, कारण तसा कृपादानचा हुकूम होता. तो उजवा कान टाकीकडं करून ऐकत राही. तिकडून मेरी हाक मारी, फाटकावर कोणी येऊन थांबे, बंगल्यात फोन वाजे. कृपादान उठत नसे. खालचा आवाज चालू असेपर्यंत त्याला उठता येत नव्हतं.